तक्ते आहेत, व्हिडिओ आहेत, तरी मुलं अडतात: वर्गात चित्रातून विचार कसा करवून घ्यायचा?

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय: वर्गात स्मार्ट टीव्ही आहे, भिंती तक्त्यांनी भरल्या आहेत, धडा संपला की मी फळ्यावर माइंड मॅपही (मधे विषय, भोवती मुद्द्यांच्या फांद्या) काढून देते. मुलं आवडीने बघतात, वहीत उतरवून घेतात. पण शाब्दिक उदाहरण आलं किंवा 'कारण लिहा' आलं की वही कोरी. 'दृश्य विचार' म्हणून प्रशिक्षणात जे सांगतात ते प्रत्यक्षात करायचं कसं? आणि माझं चित्र काढणं बेताचंच आहे, तर मला जमेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. चौकोन, गोल, रेघ आणि बाण एवढं काढता येत असेल तर तुमचं काम भागलं. उलट ज्यांचा हात चांगला असतो त्यांची पंचाईत होते. त्यांचं फळ्यावरचं हृदय इतकं सुबक उतरतं की मुलं ते बघत बसतात आणि रक्त कुठून कुठे गेलं हा प्रश्न बाजूलाच राहतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या वर्गात चित्रांची कमतरता नाही. प्रश्न आहे तो चित्र काढतंय कोण हा. टीव्हीवरचं ॲनिमेशन बनवणाऱ्याने ते बनवताना विचार केला. माइंड मॅप काढताना काय आधी, काय नंतर, कशाचा कशाशी संबंध, हा सगळा विचार तुम्ही केलात. मुलाच्या वाट्याला आलं ते उतरवून घेण्याचं काम. मैत्रिणीने सोडवलेलं गणित वहीत उतरवावं, त्यातलाच हा प्रकार. वही भरते, पण डोकं त्यात फारसं गुंतत नाही. म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्याच गोष्टीभोवती आहे: आकृती मुलाने काढायची, धडा समजण्याआधी किंवा समजत असताना काढायची, आणि तुम्ही ती त्याचा विचार वाचण्यासाठी बघायची.

हे प्रत्येक वर्गात सारखंच चालेल असं मात्र नाही. पट अठराचा असेल तर तुम्ही प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकून बघू शकता. साठचा असेल तर पाटीशिवाय गत्यंतर नाही: सगळ्यांनी पाटीवर काढायचं, 'वर करा' म्हटलं की पाट्या वर, आणि तुम्ही दोन मिनिटांत नजर फिरवायची. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडे जिथे घरची भाषा पावरी, कोरकू किंवा गोंडी असते तिथे याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. तिथे मुलाला कल्पना कळलेली असते, पण मराठी वाक्य जुळत नाही. अशा मुलाला आकृतीत नावं त्याच्या भाषेतली लिहू द्या, मराठी शब्द नंतर शेजारी येऊ दे. विषयावरही बरंच अवलंबून आहे. अपूर्णांक, क्षेत्रफळ, परिपथ, अन्नसाखळी, नकाशा, कालरेषा यांत आकृतीशिवाय पान हलत नाही. ऋण घातांक किंवा व्याकरणाचे काही नियम यांत ओढूनताणून चित्र आणलं तर गोंधळच वाढतो.

गणितापासून सुरुवात करू, कारण तुमचं दुखणं तिथेच जास्त आहे. हे उदाहरण घ्या: 'एका शेतकऱ्याने टोमॅटोच्या क्रेटपैकी 3/5 क्रेट विकले. 24 क्रेट उरले. तर त्याच्याकडे सुरुवातीला किती क्रेट होते?' सातवीच्या वर्गात हे दिलं की बरीच मुलं 24 गुणिले 3/5 करतात. उत्तर 14.4 येतं. 14.4 क्रेट म्हणजे काय, आणि आधी होते त्यापेक्षा जास्त उरले कसे, हे कुणालाच खटकत नाही. उदाहरणात एक अपूर्णांक आणि एक संख्या दिसली, म्हणजे गुणायचं, हा त्यांचा सवयीचा रस्ता.

आता सांगा, 'गणित सोडवू नका. फक्त चित्र काढा.' पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो. निम्मी मुलं क्रेट काढतात, त्यात टोमॅटो, टोमॅटोला देठ. एखादा टेम्पोही काढतो. त्यांना रागावू नका, पण टोमॅटोला देठ काढल्याने 24 कुठे बसवायचे हे कळत नाही, हे त्यांना स्वतःला दिसू द्या. मग फळ्यावर एक लांब आडवी पट्टी काढा आणि म्हणा, हे सगळे क्रेट. किती ते माहीत नाही. याचे किती भाग करू? पाच. विकलेले किती? तीन भागांवर तिरप्या रेघा मारा. उरलेले कुठे आहेत? एखादं पोर पुढे येऊन कोऱ्या दोन भागांवर बोट ठेवतं. तिथे 24 लिहा. आता खडू खाली ठेवा आणि गप्प बसा. एक भाग 12, पाच भाग 60, हे वर्गातूनच येतं. ज्या मुलाने 14.4 काढलं होतं त्याला विचारा, तुझं उत्तर या पट्टीत कुठे दाखवशील? तो स्वतःच मान हलवतो.

इथे थांबू नका, कारण पट्टीची खरी ताकद पुढच्या पायरीवर कळते. उदाहरण बदला: '3/5 विकले, उरलेल्यांपैकी 1/4 नासले, 18 क्रेट चांगले राहिले.' 'उरलेल्यांपैकी' हा शब्द नुसता वाचून मुलांच्या हाताला लागत नाही, ती 3/5 आणि 1/4 यांची बेरीज करायला बसतात. पट्टी काढली की कोऱ्या दोन भागांचेच चार तुकडे करावे लागतात. त्यातले तीन म्हणजे 18, एक 6, चार 24, आणि पुन्हा तीच पट्टी, तेच 60. 'एकूणाच्या पाव' आणि 'उरलेल्याच्या पाव' यांतला फरक मी तोंडाने अनेकदा समजावला आहे. पट्टीवर तो एकदा काढला की पुन्हा सांगावा लागत नाही.

ही पट्टी काही माझी युक्ती नाही. सिंगापूरच्या प्राथमिक गणितात 1980च्या दशकापासून ती शिकवतात. त्यामागचा विचार त्याहून जुना आहे. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडलं की समज आधी हाताळण्यातून, मग चित्रातून, मग चिन्हांतून तयार होते. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरून, म्हणजे बिया, काड्या, मणी यांवरून थेट तिसरीवर उडी मारतो. इयत्ता दुसरीपर्यंत मणी, इयत्ता तिसरीपासून नुसती चिन्हं. मधली पायरी राहून जाते आणि सातवीत ती उणीव 14.4 क्रेटच्या रूपाने वर येते.

'पेक्षा'ची उदाहरणंही अशीच. 'सीमाकडे 45 रुपये आहेत, ते राजूपेक्षा 12 रुपयांनी जास्त आहेत, तर राजूकडे किती?' 'जास्त' दिसलं की मुलं मिळवतात आणि 57 लिहितात. दोन पट्ट्या एकाखाली एक काढायला लावा. कुणाची पट्टी लांब, एवढंच विचारा. 33 आपोआप येतं. 'जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी' असले मंत्र शिष्यवृत्तीच्या तयारीत सर्रास पढवतात. ते आधी बंद करा.

विज्ञानात माझी रीत थोडी वेगळी आहे. तिथे चित्र धड्याच्या आधी काढून घेतो. विद्युत परिपथाचा धडा सुरू करण्याआधी एवढंच सांगतो: एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब, दोन वायरी. बल्ब पेटेल असं चित्र काढा. पुस्तक बंद. जी चित्रं येतात त्यांत हमखास तीन तऱ्हा सापडतात. काही मुलं सेलच्या वरच्या टोकापासून बल्बपर्यंत एकच वायर काढतात. नळाच्या पाइपातून पाणी यावं तशी वीज येते आणि बल्बमध्ये संपते, असं त्यांच्या डोक्यात असतं. काही मुलं दोन्ही वायरी काढतात, पण दोन्ही बल्बच्या बुडाच्या एकाच ठिपक्याला जोडतात. थोड्यांचंच बरोबर असतं: एक वायर बुडाच्या ठिपक्याला, दुसरी बाजूच्या धातूच्या आट्यांना. पुस्तकातल्या परिपथाच्या चिन्हात बल्ब म्हणजे गोल आणि त्यात फुली, त्यामुळे बल्बला दोन वेगवेगळ्या जागा आहेत हे चिन्ह बघून कळतच नाही. ते चिन्ह बिनचूक काढणारं मूल हातात खरा बल्ब दिला की अडतं.

या चित्रांवर लाल पेनाने फुली मारू नका. सेल आणि बल्ब हातात द्या, ज्याने जसं काढलंय तसं जोडू दे. पेटत नाही म्हटल्यावर तो वायर इकडेतिकडे लावून बघतो. पेटला की त्याच पानावर जुन्या चित्राशेजारी नवं चित्र काढायचं. जुनं खोडायचं नाही. हा नियम मी फार कडक पाळतो. खोडलेल्या चित्राबरोबर मुलाचा आधीचा विचारही जातो, आणि तुम्हाला शिकवण्यासाठी तोच हवा असतो.

अन्नसाखळीतले बाण हा दुसरा हमखास सापडणारा प्रकार. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. पुस्तकात बाण गवताकडून नाकतोड्याकडे जातो. पण बरीच मुलं सापाकडून बेडकाकडे बाण काढतात आणि आपण 'उलटं काढलंस' म्हणून मोकळे होतो. त्या मुलाला विचारा, हा बाण काय म्हणतो? तो म्हणेल, 'साप बेडकाला खातो.' त्याच्या दृष्टीने बाण बरोबरच आहे. पुस्तकातला बाण वेगळं सांगतो: ऊर्जा कुठून कुठे जाते. म्हणून नियम करा की बाणावर किंवा रेघेवर शब्द लिहिल्याशिवाय आकृती पुरी नाही. 'खातो' लिहिलंस तर बाण या बाजूला, 'ऊर्जा जाते' लिहिलंस तर त्या बाजूला.

तुमच्या माइंड मॅपलाही हेच औषध. मधे 'प्रदूषण', भोवती हवा, पाणी, ध्वनी, माती, रंगीत फांद्या. दिसायला छान, पण फांदी काय म्हणते ते कुठेच नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 1970च्या दशकात संकल्पना नकाशाची जी पद्धत विकसित केली, तिच्यात दोन शब्दांना जोडणाऱ्या रेघेवर जोडणारा शब्द लिहितात: 'मुळे होतं', 'चा प्रकार आहे', 'कमी करतं'. एवढ्या एका बदलाने मुलांना 'कारण लिहा'चं उत्तर मिळायला लागतं, कारण रेघेवरचा शब्द म्हणजेच कारण. पाच शब्द द्या, रेघा आणि रेघांवरचे शब्द त्यांनी घालायचे. पंचवीस शब्दांचा नकाशा मुलांकडून काढून घेण्यात अर्थ नाही.

इतिहासाबद्दल एकच गोष्ट सांगतो. कालरेषा प्रमाणात काढून घ्या. 10 वर्षांना अर्धा सेंटिमीटर धरला तर 1630 ते 1950 ही रेघ 16 सेंटिमीटरची होते, साध्या वहीच्या पानावर बसते. त्यावर 1674चा राज्याभिषेक, 1761चं पानिपत, 1818, 1857, 1947 मांडा. मुलांच्या डोक्यात राज्याभिषेक आणि पानिपत पाठोपाठचे असतात, कारण पुस्तकात ते काही पानांवरच भेटतात. रेघेवर त्यांच्यात 87 वर्षं दिसली की 'म्हणजे सर, आजोबा-पणजोबांच्या काळचं?' असे प्रश्न सुरू होतात. समान अंतरावर ठिपके काढून तारखा लिहिलेली कालरेषा म्हणजे आडवी लिहिलेली यादी. तिचा उपयोग नाही.

फळा, खडू आणि टीव्ही यांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण बरंच काही तिथे बिघडतं. फळ्याचा मोठा गुण म्हणजे आकृती मुलांच्या डोळ्यांसमोर रेघेरेघेने उभी राहते. काय आधी आलं, काय नंतर, हे हाताबरोबर कळतं. स्लाइडवर सगळं एकदम येतं आणि नजर कुठे ठेवायची तेच मुलाला समजत नाही. पांढरा आणि पिवळा असे दोनच खडू वापरा: दिलेली माहिती पांढऱ्याने, शोधायचं आहे ते पिवळ्याने. लाल आणि निळा मागच्या बाकावरून दिसत नाही. शिवाय वर्गात एखादा मुलगा असा निघू शकतो ज्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून अर्थ नुसत्या रंगावर सोडू नका, रेघा तिरप्या किंवा तुटक करा.

नाव ज्या भागाचं, त्या भागाशेजारीच लिहा. आकृतीत अ, ब, क आणि खाली सूची अशी पद्धत असली की मुलाची नजर वर-खाली करण्यातच थकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र कसे शिकवावेत यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या गोष्टी आपल्या कामाच्या आहेत: शब्द चित्राजवळ असावेत, विषयाशी संबंध नसलेली गमतीची सजावट शिकणं कमी करते, आणि पडद्यावरचं निवेदन तेच्या तेच अक्षरांतही दाखवलं तर मदतीपेक्षा अडथळाच होतो. भिंतीवरचे तक्ते या कसोटीवर एकदा बघा. कोपऱ्यात फुलपाखरं, भोवती वेलबुट्टी, आणि मधे पचनसंस्था टिचभर. त्यातून प्रकल्पाचे तक्ते बहुतेक पालकांनी रात्री बसून काढलेले असतात, हे आपल्याला आणि त्यांना दोघांनाही माहीत असतं.

टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. व्हिडिओचा आवाज बंद करा, अर्ध्यावर थांबवा, आणि 'पुढे काय होईल ते पाटीवर काढा' म्हणा. मग पुढचं दाखवा. ज्यांचं चुकलं ती मुलंही मान वर करून बघतात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांसाठी तीन प्रश्नांची एक रीत आहे, न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काम केलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी घडवलेली. आपल्या भाषेत ते प्रश्न असे: या चित्रात काय चाललंय? असं तू कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं? मधला प्रश्न सोडू नका. विज्ञानात निरीक्षण आणि अनुमान वेगळं करायला मुलं इथेच शिकतात.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. प्रशिक्षणात कुणी सांगितलं असेल की मुलांचे दृश्य, श्राव्य आणि कृतिशील असे गट पाडा आणि ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा. 2008 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेमागचं संशोधन तपासलं, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. मी सांगतोय ते 'दृश्य' मुलांपुरतं नाही. शब्द आणि आकृती एकत्र आली की लक्षात राहण्याचे दोन मार्ग मिळतात, असं कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पैव्हिओ यांनी 1971 पासून मांडलं, आणि ते सगळ्याच मुलांबद्दल आहे. म्हणून आकृती काढून झाली की शेजारच्याला ती तोंडाने समजावून सांगायला लावा. दृष्टी अधू असलेलं मूल वर्गात असेल तर तीच पट्टी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून द्या. बोटाने भाग मोजता येतात.

वेळेचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात मुलं चित्राला लागली की पेन्सिलीला टोक काढण्यात, पट्टीने रेघ मारण्यात आणि खोडण्यात दहा मिनिटं जातात. म्हणून कच्च्या आकृतीला मोजपट्टी बंद, खोडरबर बंद, पेनने काढायची, तीन मिनिटं. कालरेषेसारखं मापाचं काम असेल तेवढ्यापुरती सूट. वही घाण दिसते म्हणून पालक किंवा तपासणीला आलेले साहेब कुरकुरतात. त्यासाठी शंभर पानी कच्ची वही वेगळी ठेवा आणि पहिल्या पानावर 'विचार करण्याची वही' असं मुलांकडूनच लिहून घ्या. विचारलंच तर एकाच मुलाचं जूनमधलं आणि ऑक्टोबरमधलं पान शेजारी शेजारी दाखवा.

चाचणीत मात्र 'आकृती काढून भागांना नावे द्या' एवढ्यावर राहू नका, ते पाठ करून येतं. आकृती तुम्हीच द्या आणि तीत एक चूक ठेवा: एक वायर सुटलेली, एक बाण उलटा, एका पट्टीचे पाच भाग असमान. चूक शोधा आणि कारण एका ओळीत लिहा. किंवा विचारा, या साखळीतून बेडूक काढला तर कोणत्या बाणावर काय परिणाम होईल? आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या तपासणीत, हे सहज बसतं आणि तपासायलाही वेळ लागत नाही.

आता कुठून सुरू करायचं? सगळे विषय एकदम घेऊ नका. अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणं घ्या, रोज एकच, आणि आठवडाभर उत्तर मागूच नका, फक्त पट्टी मागा. सुरुवातीला तुम्ही काढा, नंतर अर्धी तुम्ही काढून उरलेली मुलांवर सोडा, मग फळा कोराच ठेवा. अर्धी काढून सोडण्याचा टप्पा गाळू नका, बरेचजण तिथेच घाई करतात. हुशार मुलं म्हणतील, 'मॅडम, आम्हाला तोंडी येतं, पट्टी कशाला?' त्यांना 'उरलेल्यांपैकी'वालं उदाहरण द्या, किंवा तयार पट्टी देऊन तिच्यावरून उदाहरण रचायला सांगा. ते काम त्यांनाही जड जातं. आणि पहिल्या आठवड्यातल्या चुकलेल्या पट्ट्यांचे, नाव झाकून, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षीच्या सातवीला त्यातली एक फळ्यावर काढून 'यात काय चुकलंय?' असं विचारलं की धडा सुरू.